दहावी गणित: क्लास बदलण्यापेक्षा पेपर सोडवा

वर ज्या ताईंनी विचारलंय की मुलाला सराव परीक्षेत गणितात कमी पडले तर आता क्लास बदलायचा का, तर माझं मत अजिबात नाही, जानेवारीत नवीन सरांशी जुळवून घेण्यातच महिना जाईल. त्यापेक्षा बोर्डाचे जुने पेपर घड्याळ लावून सोडवायला बसवा. भाग 1 (बीजगणित) आणि भाग 2 (भूमिती), दोन्ही 40 मार्कांचे, दोन तास वेळ, आणि मध्ये मोबाईल नाही की चहा नाही!

सूचना नीट वाचायला लावा हो, मुलं तिकडे ढुंकून बघत नाहीत. बहुपर्यायीला पहिल्यांदा लिहिलेलं उत्तरच धरतात, नंतर खोडून बरोबर लिहिलं तरी उपयोग नाही. भूमितीत रचनेच्या खुणा पुसायच्या नसतात, आमच्याकडच्या लेकीने वही स्वच्छ दिसावी म्हणून सगळे कंस खोडरबरने साफ केले होते 😀

गाईड आणि अपेक्षित प्रश्नसंच नंतर, आधी बालभारतीचं पुस्तक, त्यातली सोडवलेली उदाहरणं आणि 'कृती पूर्ण करा' वाले चौकोन पक्के करून घ्या. उत्तर चुकलं तरी पायऱ्यांचे मार्क मिळतात त्यामुळे कोरं काही सोडू नको म्हणावं.

भाषेच्या कृतिपत्रिकेचं, म्हणजे भाषा विषयाच्या पेपरचं, कुणी सविस्तर लिहा ना, तिथे आमचीही बोंब आहे.