'आलन' की 'आळण'?

पळसफूल: आजीच्या पाककृती वहीत उतरवतेय. ती सांगते, मी लिहिते. चाकवताच्या ताकातल्या भाजीपाशी गाडी अडली. आजी म्हणाली, "भाजी शिजली का मंग आलन लाव, गाठी नोको होऊ देऊ." मी 'आलन' (भाजी दाट करायला लावतात ते पीठ) लिहिलं. पुण्याच्या मावशींनी ते खोडून 'आळण' केलं, वर म्हणाल्या, तुमचा शब्द हिंदीतला आहे. आजीला विचारलं तर म्हणे, "तू लिहीत बस, तिकडे भाजी लागली बुडाले." वहीत काय ठेवू?

जुनाकोश: मावशी बरोबर आहेत. आळणे म्हणजे आटून घट्ट होणे. दूध आळतं, पिठलं आळतं. ज्यानं भाजी आळते ते आळण. आणि अळणीचा इथे काही संबंध नाही, ते अलवण, बिनमिठाचं. कोणीतरी ते काढणारच, म्हणून आधीच सांगून टाकलं.

बाळापूरकर: दादा, मग एक सांगा. वऱ्हाडीत ळचा य होतो. डोळ्याचा डोया, काळ्याचा काया, पळाला तो पयाला. आळणाचं 'आयन' व्हायला पाहिजे होतं. आजवर कोणाच्या तोंडून ऐकलं नाही. पंजाबात सरसोंच्या सागाला मक्याचं पीठ लावतात, त्यालाही आलनच म्हणतात. नातं तिकडचं दिसते.

गोंद्याची: आमच्या झाडीत, म्हणजे पूर्व विदर्भात, तर ळचा र. डोरा, कारा. त्या हिशेबानं 'आरन' व्हायचं! पण आमची आजीही आलनच म्हणायची. १९५६ पर्यंत नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होती, हिंदी आमच्या स्वयंपाकघरात शिरली तर नवल काय?

जुनाकोश: म्हणजे हिंदी आहे हे कबूल. मग बोलीच्या नावाखाली चालवून कशाला घ्यायचं? उद्या फोडणीला तडका म्हणाल.

बाळापूरकर: तडका हॉटेलातून आला, आलन चुलीवरून. बटाटा पोर्तुगीजांचा, तो कधी खोडला का कोणी? आम्ही तर आलूच म्हणतो. आणि राजधानीचं म्हणाल ताई, तर माझ्या आजीनं अकोला जिल्हा सोडला नाही, तिला कुठली राजधानी!

चंद्रपुरी: मला वेगळीच शंका आहे. आलन फक्त बेसनाचंच का? अंबाडीत ज्वारीच्या कण्या घालतो, भाजी त्यांनीही धरते. त्याला मात्र कोणी आलन म्हणत नाही. येसरानंही, म्हणजे गहू-डाळ भाजून दळलेल्या पिठानंही, आमटी दाटच होते की.

पळसफूल: आजीला विचारलं. कण्या भाजीसंग शिजतात, आलन शेवटी ताकात कालवून लावतात, असं म्हणाली. येसराचं नाव काढलं तर हसली नुसती.

गोंद्याची: आमच्याकडे धानाचा मुलूख, आई तांदळाचं पीठ लावायची. तेही आलनच.

बाळापूरकर: तांदळाचं? ताई, लई होते चिकट! आलन चण्याच्या डाळीच्या पिठाचं. पळसफूल, आणखी एक, वहीत 'बेसन दोन चमचे' असं लिहू नका. इकडे बेसन म्हणजे ताटात वाढलेलं पिठलं. पुण्याची मावशी पीठ समजेल, गावची काकू पिठलं कालवेल भाजीत.

जुनाकोश: पिठल्याला बेसन म्हणणं हीच मुळात चूक. पीठ वेगळं, पदार्थ वेगळा.

बाळापूरकर: बरं, मग 'बेसन-भाकर खाल्ली' म्हणणाऱ्यानं कोरडं पीठ फाकलं का? आता झुणका कोरडा की ओला हेही काढा, मी तोवर जेवून येतो.

गोंद्याची: झुणका कोरडाच. यात वाद कसला?

जुनाकोश: आहे वाद.

चंद्रपुरी: ते चालू द्या. येसरात गहू आणि हरभऱ्याची डाळ सोडून काय काय घालता तुम्ही? आमच्याकडे थोडी बाजरीही भाजून दळतात.