घरातली आग, आणि आग लागू नये म्हणून तुमच्याकडं काय करता? (अनुभव लिहा)

शाहूनगरकर
काल संध्याकाळी गच्चीवर कपडे काढायला गेले तर यवतेश्वरच्या डोंगरावर वणव्याची लाल रेघ दिसत होती. दरवर्षीचंच आहे, फेब्रुवारी-मार्च आला की गवत वाळतं आणि कुणीतरी काडी लावतं. पण वारा आमच्याकडं होता, तो जळक्या गवताचा वास नाकात गेला आणि एकदम आजोळची कडब्याची गंजी आठवली. कोरेगाव तालुक्यातलं गाव, मी शाळेत होते. दिवेलागणीला गोठ्यात डासांसाठी गोवरीची धुरी केलेली, वारं सुटलं, ठिणगी उडाली आणि गोठ्याला लागूनच असलेल्या गंजीनं पेट घेतला. मामी पाण्याकडं धावलीच नाही. विळा घेऊन सरळ गोठ्यात शिरली आणि एकेका जनावराचं दावं कापत गेली, कारण जनावर भेदरलं की ओढून ओढून गाठ अशी आवळतं की हातानं सुटत नाही. माणसं जमली, घागरी-कळश्या सुरू झाल्या, पण पेटलेली गंजी घागरीनं विझते होय? मामा ओरडला, ती जळू द्या, शेजारची वढा! मग दुसरी गंजी ओढून लांब केली आणि घराच्या छपरावर ओली पोती टाकली. घर वाचलं, जनावरं वाचली. तेव्हापासून मामाची गंजी घरापासून लांब, विजेच्या तारेखाली नाही अशा जागेला असते आणि दाव्याची गाठ अशी की टोक ओढलं की सुटली पाहिजे.
आग लागल्यावर काय करायचं हे घरातल्या एकाच माणसाला माहीत असून भागत नाही, असं मला अगदी मनापासून वाटतं. आमच्याकडं सातवीतल्या मुलापासून सासूबाईंपर्यंत सगळ्यांना रेग्युलेटर बंद करता येतो, मी प्रत्येकाकडून करूनच घेतलंय. तुमच्याकडं काय घडलं, काय काळजी घेता, लिहा.

कृष्णाकाठ_सांगली
मामींना दंडवत! आमच्या घरचं सांगते. दिवाळीच्या आधी चकल्या चाललेल्या, तेल तापायला ठेवून धाकट्या जाऊबाई फोन घ्यायला गेल्या, कढई भप्पकन पेटली. त्या पाण्याचा तांब्या घेऊन धावल्या तर सासूबाईंनी मनगटच धरलं, आधी गॅस बंद केला आणि परात उचलून कढईवर पालथी घातली. विझली. मग तशीच गार होईपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही, उघडली तर परत पेटते म्हणाल्या. पेटत्या तेलात पाणी घातलं की ते तळाशी जाऊन त्याची क्षणात वाफ होते आणि तेल उडतं, माणूस भाजतो आणि पडदे पण पेटतात. आता तळण काढलं की परात ओट्यावर हाताशी असतेच.

वाईची_मी
परात आमच्यात पण!! बाकी चकली भाजणीची का मैद्याची?

कृष्णाकाठ_सांगली
भाजणीचीच हो, मैद्याची काय चकली असते का 😄

गोडोली_नाका
गॅसचा वास आला की पहिलं लोक काय करतात, लाईट लावून बघतात. नाहीतर एक्झॉस्ट सुरू करतात. दोन्ही करू नका, चालू असलेला पंखा बंद पण करू नका, बटण दाबताना आत बारीक ठिणगी पडते तेवढी पुरते. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो वर जात नाही, फरशीलगत साचतो. शेजारच्या काकांकडं असंच झालं होतं, काकूंनी दारं-खिडक्या उघडल्या, रेग्युलेटर काढून सिलिंडरला दोरीनं लटकणारी टोपी असते ना ती दाबून बसवली आणि सगळ्यांना घेऊन खाली आल्या. फोन खाली येऊन केला, 1906 ला. हा गॅस गळतीचा नंबर आहे, चोवीस तास. ती टोपी लोक फेकून देतात किंवा पोरं खेळायला नेतात, कृपा करून जपून ठेवा.

कऱ्हाडकर
नळीची तारीख बघा सगळ्यांनी. नळीवरच छापलेली असते. साधारण 5 वर्षं म्हणतात पण चिरा दिसल्या की लगेच बदला. आणि सिलिंडरच्या कड्याच्या आतल्या पट्टीवर A B C D आणि साल असतं, A म्हणजे मार्चपर्यंत, B जून, C सप्टेंबर, D डिसेंबर. ती टाकीच्या तपासणीची मुदत, उलटून गेलेली असेल तर घेऊच नका, दारातून परत पाठवा.

शाहूनगरकर
हे मला नव्हतं माहीत. आत्ता उठून बघितलं, नीट आहे.

मिरज_वायरमन
माझं कामच हे, त्यामुळं जरा मोठं लिहितो. 2019 च्या महापुरानंतर सांगलीत घरोघरी फिरलोय. पाणी ओसरलं, लोकांनी घरं धुतली, भिंत हाताला कोरडी लागली की मेन चालू. बोर्ड उघडून बघितला की आत चिखल, स्क्रूला हिरवं चढलेलं, पाईपातल्या वायरीत पाणी तसंच. एका घरी मालक म्हणाले चार दिवस चालू आहे की काही होत नाही, बोर्ड उघडला तर न्यूट्रलची वायर जळून काळी आणि प्लास्टिक वितळून खाली ओघळलेलं. काही होत नाही असं दिसतं तेव्हाच आत गरम होत असतं. पाणी शिरलेल्या घरात आधी मेन बंद, मग वायरमन, मग लाईट. 2021 ला हे परत सांगत फिरलो.
दुसरं, MCB (लोड जास्त झाला की आपोआप पडणारा बोर्डातला खटका) सारखा पडतो म्हणून मोठ्या अँपिअरचा बसवा म्हणणारे लई भेटतात. तो पडतोय म्हणजे वायरीवर लोड जास्त आहे नाहीतर कुठंतरी शॉर्ट आहे. मोठा बसवला तर तो पडणार नाही, वायर जळेल. गिझर, एसी, इस्त्री 16 अँपिअरच्या पॉईंटवरच, एक्सटेन्शनवर नको. आणि RCCB 30 मिलीअँपिअरचा बसवून घ्या, वीज कुठं गळत असेल तर तो तोडतो. त्यावर टेस्टचं बटण असतं, महिन्यातून एकदा दाबा, पडला पाहिजे.

गोडोली_नाका
दादा, इलेक्ट्रिक स्कूटर जिन्याखाली चार्जिंगला लावतात आमच्या बिल्डिंगमध्ये, चालतं का

मिरज_वायरमन
जिन्याखाली नको. ती बॅटरी पेटली तर धूर वर जाणार आणि उतरायला तोच एक रस्ता. मोकळ्या जागेत लावा, गाडीबरोबर आलेल्याच चार्जरवर, आणि पडलेली-फुगलेली बॅटरी तर लावायचीच नाही.

वाईची_मी
आमचा वाडा जुना, सगळं लाकूड. आज्जी समई कायम पितळी ताटात पाणी घालून त्यात ठेवायची आणि झोपायच्या आधी शांत करायची, अखंड दिवा फक्त नवरात्रात, तेव्हा कुणीतरी जागं. कारण काय तर उंदीर! तेलाच्या वासानं येतो आणि पेटती वात तोंडात धरून पळतो. आमच्या गल्लीत एका घरी अशी वात माळ्यावर गेली होती, जुन्या वह्या आणि गोधड्या होत्या तिथं. वेळेत दिसलं म्हणून बरं. देवघरावरचा नायलॉनचा पडदा काढा आधी.

माणदेशी_सून
उंदीर खरंय. आमच्या सासऱ्यांनी पण सांगितलंय.
लेकराला झोपवतेय म्हणून थोडक्यात. भाजलं तर पेस्ट, हळद, बर्फ काही लावू नका. नळाच्या वाहत्या पाण्याखाली 20 मिनिटं धरा, बांगड्या अंगठ्या लगेच काढा नंतर सुजतं, फोड फोडू नका. माझ्या नणंदेच्या मुलीवर चहा सांडला होता, दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न हाच विचारला, पाणी किती वेळ घातलं. आणि कपडे पेटले तर पळायचं नाही, जमिनीवर लोळायचं, पोरांना खेळ म्हणून शिकवा.

कऱ्हाडकर
आमच्या वस्तीवर उसाचं पाचट पेटवतात त्याचा पण त्रास. वारं फिरलं की ठिणग्या गोठ्यापर्यंत. आम्ही बंदच केलं, सरीत कुट्टी करून ठेवतो, ओल टिकते आणि खत होतं. शेजारचे ऐकत नाहीत म्हणून बांधाच्या कडेनं गवत काढून मोकळा पट्टा ठेवतो.

यवतेश्वर_घाट
वणव्यालाही हाच उपाय, जाळपट्टा. डोंगराकडंला घर असेल तर चारी बाजूचं वाळलं गवत जानेवारीतच काढा. जाळलं की पुढच्या साली गवत चांगलं येतं म्हणतात, त्यात सरपटणारे जीव, पक्ष्यांची घरटी, झाडांची रोपं सगळं जातं हो. कासच्या फुलांच्या पठाराच्या एवढ्या जवळ राहून आपणच हे करतो याचं फार वाईट वाटतं.

कृष्णाकाठ_सांगली
घरात ते लाल सिलिंडर ठेवावं का, आग विझवायचं? कुठलं घ्यायचं?

मिरज_वायरमन
ठेवा ताई. ABC पावडरचं, 2 किलोचं बाईमाणसालाही उचलतं. काटा हिरव्यात आहे का बघत जा. पिन काढायची, नळी आगीच्या बुडाशी धरायची, ज्वाळांवर नाही, दांडा दाबून इकडून तिकडं फिरवायचं. काही सेकंदच चालतं. आणि पाठ कायम दाराकडं, नाही विझली तर सोडून बाहेर पडायचं, दार ओढून घ्यायचं, 101 नाहीतर 112. स्वयंपाकघरात ठेवाल तर गॅसच्या मागं नको, दाराजवळ टांगा.

शाहूनगरकर
रविवारी सोसायटीची मीटिंग आहे, जिन्यातल्या जुन्या गाद्या आणि सायकली हलवायचा विषय मी घेतेय. धूर झाला तर अंधारात खाली वाकून उतरायचं असतं, तिथं गादीत पाय अडकला तर काय करणार.

वाईची_मी
घ्याच. आणि सांगलीच्या ताई, भाजणीचं प्रमाण टाका की

कृष्णाकाठ_सांगली
रात्री टाकते, दूध वर येतंय 🙏