मंगळाच्या धुळीला लोहचुंबक लावणं म्हणजे "धूळधाण"? मग ऐकाच

काळीवाळू: परवा इथे एका पोस्टमध्ये वाचलं, "मंगळ तांबडा म्हणजे गंजलेला, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. त्यासाठी रोव्हरवर लोहचुंबक बसवून पाठवणं म्हणजे पैशाची धूळधाण." राहवलं नाही, म्हणून लिहितोय.

अहो, गंज कसला, हाच तर प्रश्न होता! १९७६ साली मंगळावर उतरलेल्या व्हायकिंग यानांच्या लोहचुंबकांवर धूळ अशी चढली की जोरदार काय नि कमजोर काय, दोन्ही सारखेच माखले. म्हणून १९९७ ला पाथफाइंडर यानावर पाच वेगवेगळ्या ताकदीचे लावले. तेव्हा अंदाज बांधला मॅगहेमाइट या चुंबकीय लोह-ऑक्साइडचा, म्हणजे पाण्यात विरघळलेलं लोखंड नंतर साचून झालेला. २००४ मध्ये स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी या दोन रोव्हरनी हाताच्या टोकाचा मॉसबाउअर वर्णपटमापी (लोखंडाची खनिजं ओळखणारं उपकरण) थेट चुंबकावरच्या धुळीला नेऊन भिडवला. निघाला मॅग्नेटाइट, हाही लोखंडाचाच चुंबकीय ऑक्साइड. तो काळा असतो. तांबडा रंग दुसऱ्याच ऑक्साइडचा. वर धुळीत ऑलिव्हिन हे खनिज, जे पाण्यात फार टिकत नाही. म्हणजे ही धूळ बरीचशी कोरड्यातच दगड झिजून झालेली. कळतं का हे शाळेतल्या पोराला?

लेथवाला: पंचवीस वर्षं लेथवर काढलीत. चुंबक फिरवला की लोखंडाचा कीस येतो, पितळेचा मागे राहतो. तिथे सगळीच धूळ चिकटली म्हणता, मग निवडलं काय? चाळणीतून कोंड्यासकट सगळं पडलं, तर त्याला चाळणं म्हणत नाहीत.

काळीवाळू: सगळीच चिकटली हेच उत्तर आहे, दादा. रोव्हरवर एक कड्यासारखा चुंबक होता. चुंबकीय कण कड्याकडे ओढला जाणार, मधल्या छोट्या गोलात पडणार तो फक्त न ओढला जाणारा. तो गोल जवळपास स्वच्छ राहिला! म्हणजे सुटे लोखंडी कण नि सुटी माती असं नाहीच, जवळजवळ प्रत्येक कणात थोडा मॅग्नेटाइट मुरलेला. मळलेल्या कणकेतून मीठ वेचून दाखवा.

लहानपणी रत्नागिरीच्या काळ्या वाळूत पिशवीत गुंडाळलेला चुंबक फिरवायचो. दाढी फुटायची त्याला. पिशवी उलटी केली की दाढी खाली. मंगळावरचं इतकं सोपं नाही.

गच्चीवरचा: ते सगळं ठीक. पण सोलर पॅनेल पुसायला साधा वायपर का नाही लावला? २०१८ च्या वादळात ऑपॉर्च्युनिटी गेली. २०२२ ला इनसाइट हे मंगळावरचं यानही धुळीनेच मेलं. आमच्या सोसायटीत तेच चाललंय. शेजारी टॉवर उभा राहतोय, पॅनेलवर बोट फिरवलं तर नाव लिहिता येतं. सेक्रेटरी म्हणतो, पाऊस धुईल. जानेवारीत!

लेथवाला: वायपरने कोरडी धूळ ओढलीत तर काच घासून आंधळी होईल. पाणी मारा.

गच्चीवरचा: मंगळावर? आणि चुंबक का नाही चालत मग?

लेथवाला: चुंबकाची ओढ बोटाच्या पेरापलीकडे पोचत नाही. कधी हातात धरलाय का?

काळीवाळू: वायपर म्हणजे वजन आणि बिघडायला आणखी एक मोटर. नव्वद दिवसांसाठीच पाठवले होते ते दोन रोव्हर. पुढे वावटळींनीच पॅनेल झाडली, म्हणून ऑपॉर्च्युनिटी चौदा वर्षं चालली. इनसाइटने तर २०२१ मध्ये पॅनेलजवळ वाळू ओतली. वाऱ्याबरोबर मोठे कण उडाले आणि जाताना बारीक धूळ घेऊन गेले. धुळीवर धूळ टाकून सफाई!

सरळबोलणी: ती पोस्ट माझीच. आडून टोमणे कशाला, नाव घ्या की. मी विज्ञान शिकवायचे. चाळीस मुलांना दोन पट्टीचुंबक, तेही इतके कमजोर की लोहकीस ओघळून पडायचा. नवे मागितले, तीन वर्षं कागद फिरले. आणि इकडे मंगळासाठी चुंबकच चुंबक!

काळीवाळू: ताई, ते चुंबक कोपनहेगन विद्यापीठाचे. तुमच्या शाळेचे पळवून नेले नव्हते.

सरळबोलणी: उद्धटपणा पुरे. ऑलिव्हिनचं माहीत नव्हतं, कबूल. "गंजलेला" मागे घेते. "धूळधाण" नाही.

लेथवाला: ताई, दोन चांगले गोल चुंबक पडलेत माझ्याकडे. शाळेचा पत्ता मेसेज करा.

गच्चीवरचा: ते वाळू ओतायचं सेक्रेटरीला सुचवू का?

लेथवाला: सुचवू नका. ओता.