मदत हवी आहे: ब्रेक मारला की स्टेअरिंग थरथरतंय, अलाइनमेंट करूनही तेच

कंग्राळीकर
ब्रेक मारला की स्टेअरिंग हातात थरथरतंय. अलाइनमेंट झालं, बॅलन्सिंग झालं, पैसे गेले, फरक काही नाही. गॅरेजवाला म्हणतो ब्रेकच्या दोन्ही डिस्क नव्या टाका. शनिवारी आईला घेऊन चोर्ला घाटानं गोव्याला जायचंय. डिस्क टाकू की नको, तेवढंच सांगा. जरा लवकर.

वडगावचा मामा
कुठली गाडी, किती स्पीडला, काहीच लिहिलं नाहीस की रे. ब्रेक न मारता थरथरते का? पायाखाली पेडल हलतंय का? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

निपाणीकर
लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) रबरी बुश गेले असणार. माझ्या गाडीला तवंदी घाट उतरताना डिट्टो हेच व्हायचं. बुश बदलले, विषय संपला. डिस्कच्या नादाला लागू नका.

सह्याद्री_रायडर
टायरमध्ये नायट्रोजन भरा. हवा जरा सावकाश उतरते.

कंग्राळीकर
डिझेल हॅचबॅक, 2015 ची. पुढं डिस्क, मागं ड्रम. 80 च्या वर ब्रेक लावला की जोरात, 40 च्या खाली जवळजवळ नाहीच. नुसती चालवताना एकदम सरळ. पेडल पायाला हलकं हलकं मागं ढकलतंय. आता सांगा, डिस्क टाकू का?

उद्यमबाग_लेथ
थांबा. नुसती चालवताना सरळ, म्हणजे बॅलन्सिंगचा संबंध नाही. पेडल धडधडतंय म्हणजे डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नाही. स्टेअरिंगला जाणवतंय म्हणजे पुढची चाकं. खात्री करायची असेल तर मोकळ्या सरळ रस्त्यावर 40 च्या आसपास, बटण दाबून धरून हँडब्रेक हळू ओढा. गाडी शांत थांबली तर दोष मागच्या ड्रमचा नाही.
एक सांगा, इतक्यात चाकं कधी काढली होती?

कंग्राळीकर
पावसाळ्याआधी चारही टायर नवे घातले. पण तेव्हा काही नव्हतं. हे नंतर हळूहळू सुरू झालंय, म्हणून लिहिलं नाही.

उद्यमबाग_लेथ
हेच तर पाहिजे होतं! टायरवाले एअर गननं एक नट आवळून जाम करतात, दुसरा त्यापेक्षा सैल. डिस्क हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागावर, किंचित तिरकी बसते. मधे गंजाचा पापुद्रा असला तरी तेच. तिरकी डिस्क फिरताना ब्रेक न मारताही प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी ब्रेक पॅडला घासते. ती जागा झिजून पातळ होते. म्हणून त्या दिवशी काही कळत नाही, काही हजार किलोमीटर झाले की थरथर सुरू होते. जाडीत 0.02 मिलिमीटरचा फरकही हाताला कळतो. लोक 'डिस्क वाकली' म्हणतात, पण बहुतेक वेळा वाकलेली नसतेच.
नुसत्या नव्या डिस्क टाकल्या आणि हब तसाच ठेवला, तर त्याही अशाच झिजणार.

निपाणीकर
मग माझी बुश बदलून कशी थांबली? ते पण सांगा की. लेथवाल्याला सगळीकडं लेथच दिसणार!

उद्यमबाग_लेथ
बुश सैल असले तर बारीक थरथर मोठी होऊन हातात येते. नवे घातले की ती दबते, डिस्क मात्र तशीच राहते. बुश आणि बॉल जॉइंट (चाक वळवणारे गोळ्याचे सांधे) बघायलाच हवेत, त्यात वाद नाही. घाटात जायचं असेल तर आधी तेच.

जांबोटी_मार्गे
चोर्ल्याला पावसानंतर रस्त्याची हालत बघूनच निघा. आईंना धक्के सोसणार नसतील तर खानापूर-रामनगर करून अनमोड घाटानं उतरा.

कंग्राळीकर
रस्ता नाही विचारला ओ. गाडी कुठं दाखवू?

वडगावचा मामा
डायल गेज (बारीक फरक मोजायचं काट्याचं यंत्र) असलेल्या माणसाकडं जा. चाक काढून डिस्क नटांनी आवळायची, डायल लावून हातानं फिरवायची. 0.1 मिलिमीटरच्या वर रनआऊट (फिरताना डिस्कचं डोलणं) दिसला तर डिस्क काढून हब वायर ब्रशनं चकचकीत करायचा, मग परत मोजायचं. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते. त्याच्या खाली गेली असेल तरच नवी.
आणि घाट उतरून गरम ब्रेकवर पेडल दाबून उभं राहू नका. पॅडचा थर एका जागी डिस्कला चिकटतो, त्यानंही हेच होतं. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरा.

कंग्राळीकर
आज करून घेतलं. बुश, बॉल जॉइंट ठीक. उजवी डिस्क बरी होती. डावीला 0.14 आला. डिस्क काढली तर हबवर, दोन बोल्टांच्या मधे, नखाएवढा गंजाचा फुगवटा. घासून साफ केल्यावर 0.04. जाडी किमानपेक्षा भरपूर आहे, म्हणून दोन्ही डिस्कना लेथवर हलका कट मारून सपाट करून घेतलं. पॅड नवे. नट टॉर्क रेंचनं (ठरलेल्या जोरानं आवळायच्या पान्यानं), समोरासमोरचे, दोन टप्प्यांत. हायवेला जाऊन आलो, 90 वरून ब्रेक मारला, स्टेअरिंग गप्प. नव्या डिस्कचे पैसे वाचले, सगळ्यांचे मनापासून आभार.

उद्यमबाग_लेथ
छान. नवे पॅड बसवायला 60 वरून 15-20 पर्यंत मध्यम ब्रेक, आठ-दहा वेळा, पूर्ण न थांबता. मधे थोडं चालवून गार होऊ द्या. घाटात जायच्या आधी हे कराच.

निपाणीकर
कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना बघितल्या का? जाम असतील तर एकच पॅड घासत राहतो.

कंग्राळीकर
बघितल्या. डावीकडची खालची पिन कोरडी होती, ब्रेकचं ग्रीस लावून घेतलं. आता दोन्ही बोटानं सरकतात.