सारवार, मलमपट्टी की शुश्रूषा?

मांडवीकर: पाळीपाळीने खेळायचा एक लढाईचा गेम मराठीत करतोय. जखमींना बरं करणाऱ्या मेडिकच्या बटणावर ‘सारवार’ लिहिलं. पुण्याचा मित्र खेळून म्हणाला, "हा रणांगणात शेण का सारवतोय?" आमच्या घरी आजीपासून सगळे सारवारच म्हणतात. मराठीत नाही का हा शब्द?

दांडियाबाजार: बडोद्याच्या मराठीत आहे. गुजरातीतून आला आणि राहिला. आम्ही तर मलमपट्टीला पाटापिंडीसुद्धा म्हणतो. बिनधास्त ठेव.

शनिवारपेठी: मग गेम गुजरातीतच करा ना! सरळ ‘उपचार’ लिहा.

रावपुरा: उपचार म्हटलं की मला सोळा उपचारांची पूजा दिसते. इलाज अरबी, मलम ‘मरहम’वरून आलेलं. सोवळं नेसून शब्द निवडेपर्यंत जखमी जायचा.

सोंगटी: मांडवीकर, आधी सांग, तुझा मेडिक करतो काय?

मांडवीकर: पटावर शेजारच्या चौकोनात उभ्या सैनिकाला 6 हेल्थ, म्हणजे जीवाचे 6 गुण, देतो. दर पाळीला, कितीही वेळा. शत्रूचा वार 4चा.

सोंगटी: मग एकटा शत्रू तुझ्या सैनिकाला जन्मात मारू शकणार नाही. लोक मेडिकला भिंतीआड बसवून जांभया देतील. उलट 6चे 2 केलेस तर बटण कोणी दाबणारच नाही, तेवढ्यात शत्रूला गोळी घालणं परवडतं. 2012च्या एक्सकॉम या गेममध्ये मेडिकिट 4 हेल्थ देतं, पण साध्या सैनिकाला एका मोहिमेत एकदाच वापरता येतं. आणि बरा झालेला गडी तळावर परतल्यावर काही दिवस दवाखान्यात पडून राहतो. जॅग्ड अलायन्स 2 (1999) हा गेम मला जास्त आवडतो. तिथे लढाईत पट्टी बांधली की फक्त रक्त थांबतं. गेलेली हेल्थ भरायला नंतर नकाशावर एकाला डॉक्टर, दुसऱ्याला रुग्ण नेमून तास घालवावे लागतात. ही दोन वेगळी कामं आहेत, त्यांना एकच शब्द कसा पुरेल? मैदानात मलमपट्टी, तळावर शुश्रूषा.

दांडियाबाजार: शुश्रूषा! मूळ धातू श्रु, म्हणजे ऐकणं; शुश्रूषा म्हणजे ऐकण्याची इच्छा. दुखणेकऱ्याचं ऐकून घेतो तो खरा सेवक. माझ्या मावशीने नर्सची नोकरी केली, तीही हेच सांगायची.

शनिवारपेठी: आणि एवढ्याशा बटणावर ते ‘श्रू’ वाचणार कोण? शिवाय बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शासनशब्दकल्पतरू या राज्यकारभाराच्या कोशात (1931) आठ भाषा शेजारी शेजारी मांडल्या होत्या, कालवल्या नव्हत्या.

रावपुरा: अहो, तो कोश कचेरीसाठी होता. स्वयंपाकघरात महाराजांनी कोणाची जीभ धरली नव्हती.

शनिवारपेठी: असो. ‘पाळी’चं काय करणार? पडद्यावर ‘शत्रूची पाळी’ असं झळकलं तर पोरं आठवडाभर हसतील.

दांडियाबाजार: हे मात्र खरं. ‘डाव’ घे.

शनिवारपेठी: डाव म्हणजे अख्खा खेळ. एक डाव झाला, दुसरा मांडला.

रावपुरा: आमच्या गल्लीत ‘तुझा दाव’ म्हणजे तुझीच पाळी.

शनिवारपेठी: पुन्हा गुजराती! ‘चाल’ घ्या. बुद्धिबळात कोणाची तक्रार आहे?

सोंगटी: बुद्धिबळात एका वेळी एकच मोहरा हलतो. इथे सगळी तुकडी हलते, शिवाय एकेक सैनिक धावतो आणि गोळीही झाडतो. ह्याला एक चाल म्हणायचं की आठ?