मशीन लर्निंग: शिकणं की घोकंपट्टी?

उंबरठा:
काल आईच्या फोनवर नुसतं 'वाढदिवसाच्या' लिहिलं, तर कीबोर्डनं 'हार्दिक' आणि पाठोपाठ 'शुभेच्छा' पुढे केलं. भाचा म्हणाला, "मामा, हे मशीन लर्निंग! यंत्र उदाहरणं बघून स्वतः शिकतं." यात लर्निंग कसलं? अमक्या शब्दामागे तमका कितीदा आला, एवढाच हिशेब. पोपट 'विठू विठू' म्हणतो म्हणून वारीला जात नाही. 'शिकणं' हा शब्द कंपन्यांनी माल खपवायला उचललाय. बोला.

खडीसाखर:
शब्द जुना आहे हो. आर्थर सॅम्युअल यांनी १९५९ च्या लेखात तो वापरला, आयबीएममध्ये असताना. त्यांचा चेकर्सचा (पटावरच्या सोंगट्यांच्या खेळाचा) प्रोग्राम स्वतःशीच डाव खेळून सुधारायचा. लिहिणाऱ्यापेक्षा सरस खेळेल असा प्रोग्राम करता येतो, हाच मुद्दा होता. पोपट मालकापेक्षा चांगलं बोलायला लागला तर कळवा.
स्पॅमचंच, म्हणजे नकोशा ईमेलचंच बघा. 'लॉटरी' शब्द अडवा असा नियम केला की भामटे 'लॉ-ट-री' लिहितात. म्हणून यंत्राला नकोशी आणि कामाची, दोन्हीकडची हजारो पत्रं दाखवतात, फरक ते स्वतः हुडकतं. तुम्ही 'स्पॅम' बटण दाबता ना, ती त्याची शिकवणीच.

उंबरठा:
आयबीएम कंपनीच ना? असो. त्या शिकलेल्या यंत्रानं आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेची नोटीस स्पॅममध्ये टाकली. (सेक्रेटरी सोडून सगळे खूश.)

गणिताचे_सर:
घोकंपट्टी ओळखायची रीत शाळेतलीच: न सोडवलेलं गणित घाला. हस्ताक्षरातल्या आकड्यांचा एमनिस्ट नावाचा प्रसिद्ध संच आहे. ६०,००० चित्रं शिकायला, १०,००० परीक्षेला वेगळी ठेवलेली. कधी न पाहिलेलं अक्षर वाचता आलं, तर त्याला पाठांतर कसं म्हणणार?
पण उंबरठा, तुमचंही अगदीच चूक नाही. त्या संचात फक्त इंग्रजी आकडे आहेत. त्यावर तयार झालेल्या यंत्रापुढे आपला ४ ठेवा, त्याला बहुधा इंग्रजी आठ दिसेल. 'हा आकडा मला येत नाही' असं म्हणायची सोयच नाही. दहातलं एक उत्तर द्यायचंच.

खडीसाखर:
म्हणजे शिकवणाऱ्यानं ४ दाखवला नाही. दोष विद्यार्थ्याचा कसा?

उंबरठा:
आमचा भाचाही ४ ला आठच वाचतो. इंग्रजी माध्यम. पण त्याला 'शिकलेला नाही' म्हणायची माझी हिंमत नाही, बहीण इथे वाचते.