मदत हवी आहे : प्रतिसरकारच्या न्यायदान मंडळांचे कागद
नमस्कार. तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली चाललेल्या प्रतिसरकारवर, म्हणजे इंग्रज राजवटीला समांतर अशा लोकांच्या सरकारवर, मी लेख लिहीत आहे. शेणोलीजवळ लुटलेली रेल्वे आणि धुळ्याचा खजिना यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु इंग्रजांच्या कोर्टाची पायरी चढू न देता गावातच जमिनीचे नि सावकारीचे तंटे मिटवणारी न्यायदान मंडळे मला अधिक मोलाची वाटतात, कारण परक्या सत्तेवाचून आपले अडत नाही हे त्यांनी रोजच्या व्यवहारात दाखवले. कुंडल, वाळवा, तासगाव भागांत कोणाच्या घरी अशा निवाड्यांचे कागद किंवा गांधी-विवाहांच्या (साधेपणाने, कमी खर्चात लावलेल्या लग्नांच्या) पत्रिका जपलेल्या असल्यास कृपया छायाचित्रे पाठवावीत. निवाड्यावर सही कोणाची असे, हे ज्येष्ठांकडून ऐकले असल्यास तेही जरूर कळवावे.